साडूच्या मॅकवर उघडलेली खिडकी

माणसं दुसऱ्याच्या घरावर जळतात, गाडीवर जळतात, पोरांच्या टक्क्यांवर जळतात. आमचे किल्लेदार जळले ते एका खिडकीवर. पंज्याएवढी, राखाडी, वरच्या कोपऱ्यात फुली असलेली खिडकी. ती त्यांच्या साडूच्या मॅकवर उघडली, बुधवारी सकाळी साडेअकराला. मी शेजारीच उभी होते, म्हणून वेळसुद्धा लक्षात आहे.

आमची कंपनी चष्म्याच्या काचा बनवते. खाली काचा घासणारी पाच मशीनं, पाण्याचे फवारे, पांढरा चिखल आणि कानठळ्या बसवणारा आवाज. वर ऑफिस, आठ टेबलं. दुकानांकडून फॉर्म येतात. फॉर्मवरचे आकडे घेऊन कुठली काच कुठे किती घासायची हे मशीनला सांगणारा प्रोग्राम किल्लेदारांनी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिला. मी त्याचं टेस्टिंग करते, म्हणजे तो चुकतो का ते बघते.

किल्लेदार हे त्यांचं टोपणनाव. प्रोग्राम ज्या विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला होता, ते कधीच बाजारातून गेलं. ते चालायचं फक्त एका जुन्या काळ्या कॉम्प्युटरवर, आणि तो कॉम्प्युटर होता किल्लेदारांच्या टेबलाखाली, पायांच्या मधोमध. प्रोग्राममध्ये एक अक्षर बदलायचं तरी तिथूनच. पासवर्ड त्यांच्या डोक्यात आणि मूळ डिस्क त्यांच्या ड्रॉवरमध्ये, रुमालात गुंडाळलेली. मालकीणबाईंनी सगळ्यांना मॅक घेतले तेव्हा त्यांनाही एक मिळाला. त्यावर ते फक्त मेल वाचायचे. कुणी काही काम घेऊन आलं की खुर्ची मागे सरकवायचे, वाकायचे, काळ्या डब्याचं बटण दाबायचे आणि म्हणायचे, "बसा. याला उठायला सात मिनिटं लागतात." त्या सात मिनिटांत ते जगातले सगळ्यात सुखी गृहस्थ असायचे.

साडूला नोकरीला लावलं ते त्यांनीच. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, हुशार, आधीची कंपनी बंद पडलेली. बायकोनं शब्द टाकला, किल्लेदारांनी मालकीणबाईंकडे शब्द टाकला. पुढे ते स्वतःच म्हणायचे, "आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. आणि वर धोंड्याला खुर्चीसुद्धा दिली, माझ्या समोरची."

खरं तर जळणं त्याच्याही आधी सुरू झालं होतं, सासुरवाडीत. बारा वर्षं सासूबाईंचा फोन बिघडला की किल्लेदारांकडे यायचा. धाकटे जावई आले आणि फोन तिकडे वळला. एकदा जेवताना सासूबाई सहज बोलून गेल्या, "तुम्ही कशाला त्रास घेता, धाकट्यांनी पाच मिनिटांत केलं." किल्लेदारांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. दोघं एकमेकांना 'साडूभाऊ' म्हणत आणि 'तुम्ही' म्हणत, आणि किल्लेदारांच्या तोंडी त्या 'तुम्ही'मध्ये हातभर अंतर असायचं.

तर त्या आठवड्यात किल्लेदारांची दाढ सुजली आणि ते दोन दिवस घरी राहिले. नेमका तेव्हाच एका मोठ्या दुकानानं फॉर्मवरचा एक रकाना बदलला. प्रोग्राम बदलणं भाग होतं आणि काळ्या डब्याचा पासवर्ड तर गालाला शेक देत पडलेला. धाकटे मालकीणबाईंना म्हणाले, "मी माझ्या मॅकवर प्रयत्न करून बघू का?"

बुधवारी किल्लेदार सुजल्या गालानं ऑफिसात आले, तर सगळे धाकट्यांच्या टेबलाभोवती. दोन दिवस तिथं काय काय झालं ते मी पाहिलं होतं. आधी ऑफिसच्या बॅकअपमधून घेतलेलं ते सॉफ्टवेअर उघडेच ना. मग उघडलं तर अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी. मग एक फाइल सापडेना, ती जुन्या बॅकअपमधून शोधून काढली. आणि आता, साडेअकराला, मॅकच्या गुळगुळीत पडद्यावर किल्लेदारांची ती राखाडी खिडकी टुपकन उघडली. सात मिनिटं नाही. चार सेकंद.

"याच्यावर विंडोज बसवलंत का?" किल्लेदारांनी दाढ सांभाळत विचारलं.

"नाही ना, तीच तर गंमत," धाकटे म्हणाले. "विंडोज कुठेच नाही. मध्ये फक्त एक थर आहे. तुमचं सॉफ्टवेअर विंडोजला हाक मारतं, मला अमुक फाइल उघडून दे, तमुक बटण काढून दे. हा थर ती हाक ऐकतो आणि मॅकला मॅकच्या भाषेत सांगतो. सॉफ्टवेअरला वाटतं आपण आपल्या घरीच आहोत."

"म्हणजे दुभाषा," मालकीणबाई म्हणाल्या. झालं, त्या दिवसापासून त्या थराचं नाव दुभाषा.

सगळ्यांनी किल्लेदारांकडे पाहिलं. ते म्हणाले, "छान." आणि जागेवर जाऊन बसले. थोड्या वेळानं मी काहीतरी विचारायला गेले, तर मॅकवर मेल उघडा होता आणि ते तोच एक मेल पुन्हा पुन्हा वाचत होते. मेल होता पाण्याची टाकी धुण्याबद्दल.

त्यानंतरचे तीन आठवडे त्यांनी मला नंतर सविस्तर सांगितले, अगदी लाज सोडून. ते म्हणाले, "तुला सांगतो, मला त्याच्या पगाराचं काही वाटलं नाही, डोक्यावरच्या केसांचंसुद्धा नाही. मला वाईट वाटलं ते चार सेकंदांचं." ज्या गोष्टीची ते एकोणीस वर्षं राखण करत होते, ती कुणीतरी कुलूप न उघडताच बाहेर काढली होती. लोक आता काम घेऊन समोरच्या टेबलाकडे जायचे. जाताना किल्लेदारांकडे बघून ओशाळं हसायचे. त्यापेक्षा त्यांनी न बघता गेलेलं परवडलं असतं.

आणि धाकटे वागायला सोन्यासारखे. प्रत्येक वेळी म्हणणार, "मूळ काम साडूभाऊंचं, मी फक्त दार ढकललं." किल्लेदार घरी येऊन बायकोसमोर हे चिडून सांगायचे.

"अहो, पण चांगलंच बोलतात की ते," बायको म्हणायची.

"तेच तर! चांगलं बोलतो! एकदा तरी माणसासारखा वाईट बोलला असता तर मीही चार शब्द सुनावले असते."

"मग आता काय, त्यांनी तुमच्यासाठी वाईट वागायचं का?"

"वागावं," किल्लेदार म्हणाले. ते गंमत करत नव्हते.

मग त्यांनी ठरवलं की दुभाषा कुठेतरी चुकत असणारच. दुभाषा म्हटला की चार शब्द इकडचे तिकडे होतातच. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "जुने चारशे फॉर्म काढ. काळ्या डब्यावरचा हिशोब आणि मॅकवरचा हिशोब, दोन्ही शेजारी शेजारी ठेवू." मला वाटलं काळजीपोटी म्हणताहेत. कामाच्या दृष्टीनं ते बरोबरही होतं. आम्ही दोन दिवस बसलो. एरवी कंटाळून जाणारा माणूस तेव्हा चहालाही उठेना. शिकारी मचाणावर बसावा तसे ते बसले होते.

चारशेपैकी तीनशे चौऱ्याण्णव जुळले. सहा जुळले नाहीत.

मी त्यांचा चेहरा इतका उजळलेला आधी कधी पाहिला नव्हता. "सहा!" ते म्हणाले. "सहा माणसांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे!" सहाही कागद छापून घेतले, फरकांवर तांबड्या रेघा मारल्या आणि मालकीणबाईंना सांगून मीटिंग बोलावली. मीटिंगमध्ये शांत, दुःखी आवाजात म्हणाले, "मला बोलायचं नव्हतं. घरचं माणूस आहे. पण डोळ्यांचं काम आहे, मॅकवरचं काम थांबवलेलं बरं." मालकीणबाईंनी थांबवलं. धाकट्यांनी मान खाली घालून कागद मागितले आणि एवढंच म्हणाले, "मी बघतो." किल्लेदार त्या संध्याकाळी घरी चालत गेले, शीळ घालत. बायकोनं विचारलं, "दाढ बरी दिसतेय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आणखी कुणी आलं नव्हतं तेव्हा धाकटे त्यांच्या टेबलाशी आले आणि सहा कागदांसोबत सहा मूळ फॉर्म ठेवले.

"साडूभाऊ, प्रिझमचा रकाना बघा."

प्रिझम म्हणजे काचेला दिलेला बारीकसा तिरकेपणा. ज्यांचे दोन डोळे एका जागी बघत नाहीत त्यांना तो लागतो. शंभरात दोघा-चौघांना. बाकीच्यांचा तो रकाना रिकामाच असतो. या सहाही फॉर्मवर तो रिकामा होता. मॅकनं प्रिझम शून्य धरला होता. काळ्या डब्यानं मात्र कुणाला दीड, कुणाला दोन दिला होता.

"आता याच्या आधीचा फॉर्म बघा," धाकटे हळू आवाजात म्हणाले. "सहाही वेळा आधीच्या गिऱ्हाइकाला प्रिझम होता. दीड, दोन."

किल्लेदारांना पुढचं सांगायची गरज नव्हती. आपलं पोर कुठं खोडी काढतं हे बापाला कळतं. त्यांनी ती ओळ उघडली. रकाना भरलेला असेल तर आकडा घ्या, असं लिहिलं होतं. रिकामा असेल तर काय, हे लिहिलंच नव्हतं. म्हणजे पाटी न पुसताच पुढचं गणित मांडलं जायचं, आणि आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा कधीकधी तसाच राहायचा. मॅकवर त्या जागी नशिबानं शून्य होता. दुभाषा चुकला नव्हता. एकोणीस वर्षं चूक किल्लेदारांची होती.

"ती ओळ मी नीट करतो," धाकटे म्हणाले. "मीटिंगमध्ये सांगतो की दुभाषा बसवताना माझ्याकडून एक सेटिंग राहिलं होतं, ते आता केलं. सहाही जुळतील. कुणाला कळायचं कारण नाही. घरचंच माणूस आहे."

किल्लेदारांचेच शब्द, पण धाकट्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि हेच किल्लेदारांना सहन होईना. ते म्हणाले, "बघू." आणि खाली मशीनवर निघून गेले.

खाली, भिंतीला टांगलेल्या एका वहीत परत आलेल्या काचा लिहिलेल्या असतात. तारीख, मशीन, कुणी घासली, काय बिघडलं. किल्लेदारांनी ती वही आणि कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या आणि तिथंच पाण्याच्या पिंपावर बसून 'नसलेला प्रिझम' असा शेरा असलेल्या ओळी शोधल्या. गेल्या सात वर्षांतल्या वेगवेगळ्या नावांवर विखुरल्या होत्या, त्याआधीच्या एकतीस निघाल्या. मशीन नंबर तीन, मशीन नंबर तीन, मशीन नंबर तीन. आणि नाव एकाच बाईचं.

त्या बाईंना खाली सगळे 'तीन नंबर' म्हणतात. आता त्या पॅकिंगला असतात. पूर्वी मशीन तीनवर होत्या, आणि अवघड काचा, प्रिझमच्या काचा, मुद्दाम त्यांच्याकडे दिल्या जायच्या, कारण त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. प्रिझमची काच त्यांच्याकडे, म्हणजे प्रोग्रामनं चुकून प्रिझम दिलेली साधी काचही त्यांच्याच मशीनवर. चूक होणार ती तिथंच होणार. सात वर्षांपूर्वी सुपरवायझरनं सगळ्यांसमोर वही उघडून सांगितलं होतं की बाई, तुमचं लक्ष राहिलेलं नाही, आणि त्यांना पॅकिंगला बसवलं होतं. किल्लेदार तेव्हा तिथं होते. वरून प्रोग्राम तपासून मान हलवणारे तेच होते. ते म्हणाले होते, "प्रोग्राम ठीक आहे."

हे सांगतानाही किल्लेदार माझ्याशी खोटं बोलले नाहीत. मला वाटत होतं, ते म्हणतील त्या बाईंचा विचार मनात आला आणि मी कबूल करायचं ठरवलं. ते म्हणाले, "बाईंचा विचार आलाच. पण खरं सांगू, गप्प बसलो असतो. सात वर्षं गेली, आणखी चार गेली असती. मला गप्प बसू दिलं नाही ते त्या माणसानं. गप्प बसलो असतो तर जन्मभर त्याचा मिंधा झालो असतो. दर सणावाराला सासूबाईंकडे समोर बसणार, आणि माझ्या मनात येणार, याला माहीत आहे. सगळं त्याच्याकडे गेलं होतं, आता माझी अब्रूही त्याच्या खिशात? त्यापेक्षा मी ती रस्त्यावर टाकली."

त्यांनी दुपारी मालकीणबाईंना गाठलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या म्हणाल्या, "साडू तर म्हणत होते की त्यांचंच काही सेटिंग राहिलंय."

"ते खोटं बोलताहेत," किल्लेदार म्हणाले. "माझ्यासाठी. आता ते थांबवा."

मग खाली जाऊन त्यांनी तीन नंबरना सांगितलं. त्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या. ऐकताना त्यांचा हात थांबला नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मला काढलं तेव्हा किती माणसं होती तिथं?"

"दहा-बारा असतील."

"चौदा," त्या म्हणाल्या. "दोघं सोडून गेली. बारा आहेत. त्यांच्यासमोर सांगा. आणि वही उघडून सांगा, जशी उघडली होती तशी."

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी मशीनं बंद असताना किल्लेदारांनी सांगितलं. वही उघडून, एकतीस ओळी वाचून. मी वरच्या जिन्यात उभी होते. वाचायला बराच वेळ लागला. मध्येच कुणीतरी म्हणालं, "पुरे की आता," तर तीन नंबर म्हणाल्या, "वाचू दे." शेवटची ओळ वाचून ते म्हणाले, "या सगळ्या काचा बाईंनी बरोबर घासल्या होत्या. मशीनला मी चुकीचं सांगितलं होतं. आणि विचारल्यावर बरोबर आहे म्हणून सांगितलं." सुपरवायझर त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, बुटांकडे बघत होते.

मालकीणबाईंनी तीन नंबरना मशीन परत देऊ केलं. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि नको म्हणाल्या. गुडघे दुखतात, पॅकिंगला खुर्ची आहे. पण एक मागणी केली. मशीन तीनवर नवीन जो कुणी येईल त्याला त्या शिकवतील, आणि परत आलेल्या काचांची वही त्यांच्या ताब्यात राहील. दोन्ही मिळालं. आता एखादी काच परत आली की त्या आधी वर फोन करतात. "प्रोग्राम बघितला का?" विचारतात. फोन नेहमी किल्लेदारांनाच.

एवढ्यावर जळणं संपलं असतं तर ही गोष्ट बोधकथा झाली असती. ते संपलं नाही. उलट किल्लेदार म्हणतात की पुढचे पंधरा दिवस सगळ्यात वाईट गेले. आता ऑफिसात सगळे त्यांच्याशी आदरानं, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलायचे, आणि समोर साडूच्या मॅकवर ते सॉफ्टवेअर चार सेकंदांत उघडायचं.

एका संध्याकाळी दोघं एकाच वेळी ऑफिसातून निघाले. चुकवता आलं असतं तर किल्लेदारांनी चुकवलं असतं. दोघं कोपऱ्यापर्यंत आले. मग धाकटे एकदम म्हणाले, "साडूभाऊ, तुमचं बरं आहे."

"काय बरं आहे?"

"दोन दिवस उपाशीतापाशी बसून मी ते मॅकवर चालवलं. आठवडाभर कौतुक झालं. मग तुम्ही खाली जाऊन तुमची चूक वाचून दाखवलीत, तर सगळ्या कंपनीत तुमचंच नाव. सासूबाई परवा बायकोला म्हणाल्या, मोठ्यांसारखा माणूस होणे नाही. मी त्यांचा फोन नीट करत होतो तेव्हा म्हणाल्या! माझ्या हातात फोन होता!" ते थांबले आणि स्वतःशीच हसल्यासारखे म्हणाले, "चूक करावी तर तुमच्यासारखी. आम्ही बरोबर करून काय मिळवलं?"

किल्लेदार रस्त्यात उभेच राहिले. मला ते म्हणाले, "अगं, काय सांगू. उन्हातून आल्यावर कुणी गार पाणी पाजावं तसं झालं." त्यांनी साडूकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. दिवसभर पडद्यासमोर बसून डोळे लाल, शर्टाची एक गुंडी चुकून वरच्या काजात अडकलेली.

"तुम्ही जळता का माझ्यावर?" त्यांनी विचारलं.

"जळू नको तर काय करू?" धाकटे म्हणाले. "लग्न झाल्यापासून त्या घरात ऐकतोय, मोठे असे आणि मोठे तसे. फोन माझ्याकडे येतात हो, पण सल्ला विचारायला सगळे तुमच्याकडे जातात."

किल्लेदारांनी साडूला गुंडी दाखवली. धाकट्यांनी ती काढून नीट लावली. मग किल्लेदार म्हणाले, "तो दुभाषा माझ्या मॅकवर बसवायला किती वेळ लागेल?"

"अर्धा तास. उद्या सकाळी बसवून देतो."

"तुम्ही बसवू नका. मी बसवतो. तुम्ही नुसते शेजारी बसा, आणि मी विचारल्याशिवाय बोलू नका."

"साडूभाऊ, तुम्हाला तीन दिवस लागतील."

"लागू देत."

पाच लागले. चौथ्या दिवशी अक्षरांच्या जागी चौकटी आल्या तेव्हा धाकटे तोंड दाबून, दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले होते, आणि मी माझ्या टेबलावरून बघत होते की आधी कोण बोलतं.